उठवलेल्या गावाची गोष्ट

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाला हात घालायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. दिवाळी अंकातील टीकालेखाचे स्थान मला काहीसे असेच वाटत आले आहे. कथा-कवितांच्या करंज्या-अनारशांत त्याला कोणी आपण होऊन बोलावीत नाही. पण तो नसला तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. तेव्हा वाचकांनी हा लेख कारिटासारखा मानावा. जिभेच्या टोकाला लावण्यापुरताच तो कडू आहे.

गेल्या पावसाळ्यात एक लहानसे पुस्तक माझ्या हाती आले. ‘खिर्बेत खिझे’ हे त्याचे नाव. मूळ पुस्तक हिब्रू भाषेतील असून ते १९४९ साली प्रसिद्ध झाले. लेखक एस. यिझहार, पूर्ण नाव यिझहार स्मिलान्स्की. निकोलस द लांज व याकोब ड्वेक या दोघांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ साली निघाले. तेच मी वाचले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे मला शब्दकोश मांडीवर घेऊन बसावे लागते. परंतु जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बाहेर पावसाची झोड, आणि शेजारच्या तांडेलांच्या पडवीत जाळ्यांची डागडुजी चाललेली. आमच्या धाकटी डहाणूचा माणूस निवांत सापडायचा तो याच दिवसांत. दुपारी चार-सहा पाने वाचावीत आणि दिवेलागणीनंतर पडवीत बसून ती मराठीतून सांगावीत, असा क्रम मी ठेवला. पुस्तक तसे लहान. तरी ते पुरे व्हायला तीन आठवडे लागले. चार पाने सांगून झाली की वाद आठ पानांचा चाले. त्या वादाविषयीच मला लिहावयाचे आहे. कारण पुस्तक मला जेवढे कळले त्यातले निम्मे त्या वादातून कळले.

गोष्ट एका दिवसाची आहे. काळ १९४८ च्या युद्धाचा. पावसाने धुऊन काढलेला हिवाळ्यातला स्वच्छ दिवस. इस्रायली सैनिकांची एक तुकडी टेकडीवर बसून हुकुमाची वाट पाहत आहे. खाली खिर्बेत खिझे नावाचे अरब खेडे. हे नाव लेखकाने कल्पिलेले आहे. हुकूम असा की, नकाशावरील अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचे रहिवासी गोळा करावेत, वाहनांत भरून आपल्या हद्दीपलीकडे सोडावेत, दगडी घरे सुरुंगाने उडवावीत, झोपड्या जाळाव्यात. गावातले बहुतेक तरणे पुरुष आधीच निघून गेलेले. उरले आहेत म्हातारे, बाया आणि पोरे. प्रतिकार असा कोणीच करीत नाही. निवेदक त्या सैनिकांपैकीच एक. त्याला हे पटत नाही. तो मनात कुढतो, मोइशे नावाच्या आपल्या म्होरक्याजवळ तक्रार करून पाहतो, आणि तरीही सांगितलेले काम करतो. मोइशेचे उत्तर साधे आहे: इथे आपले निर्वासित येतील, ही जमीन हाती घेतील, कसतील, आणि सगळे छान होईल. संध्याकाळपर्यंत गाव रिकामे होते. बस्स, एवढीच गोष्ट.

या गोष्टीमागचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. युरोपात हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. ज्यूंनी तो स्वीकारला, अरबांनी नाकारला. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा आत शिरल्या. त्या युद्धात सुमारे सहा हजार ज्यू मारले गेले; तेव्हाच्या त्यांच्या लोकसंख्येत हा शंभरात एक. आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांना मुकले. काही भीतीने पळाले, काहींना घालवून देण्यात आले. चारशेंहून अधिक खेडी ओस पडली. एकाच युद्धाला एका बाजूचे लोक स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात आणि दुसऱ्या बाजूचे ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतात. ज्या घटनेला नावेच दोन आहेत, तिच्यावरील पुस्तकाला वाचक एक कसा मिळणार?

खुद्द इस्रायलमध्येही या पुस्तकाविषयी एकमत कधीच झाले नाही. यिझहार हे काही बाहेरून दगड मारणारे नव्हते. ते त्याच युद्धात लढलेले, आणि पुस्तक निघाले त्याच वर्षी तिथल्या पहिल्या संसदेत निवडून गेलेले. पुढे १९५९ साली त्यांना इस्रायलचा सर्वोच्च सन्मान मिळाला. १९६४ साली हीच गोष्ट तिथल्या माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात घेतली गेली. मग १९७८ साली राम लेव्ही या दिग्दर्शकाने तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला, तेव्हा त्या वेळच्या शिक्षणमंत्र्यांनी त्याचे प्रक्षेपण अडवले. निषेध म्हणून कर्मचाऱ्यांनी त्या वेळेपुरता पडदा काळा ठेवला. अखेर चित्रपट दाखवला गेलाच. जे पुस्तक मुलांनी वर्गात वाचावे असे सरकारनेच ठरवले होते, ते मोठ्यांनी घरात बसून पाहू नये असे चौदा वर्षांनी सरकारलाच वाटले. पुस्तकातले एक अक्षर बदलले नव्हते. वाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन मात्र मधल्या काळात बदलली होती.

आता आमच्या पडवीकडे येतो.

पहिले मत डहाणू गावातल्या एका निवृत्त गुरुजींचे. ते तांडेलांचे जुने स्नेही. पाऊस उघडला की यायचे. त्यांच्या तरुणपणी ना. ह. पालकर यांचे ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’ हे पुस्तक त्यांनी पुनःपुन्हा वाचलेले, लिऑन यूरिस यांची ‘एक्झोडस’ ही १९५८ सालची कादंबरीही वाचलेली. वाळवंटात बागा फुलवणारे, दोन हजार वर्षांनी आपली भाषा जिवंत करणारे राष्ट्र, हे चित्र त्यांच्या मनात पक्के. ते म्हणाले, “मास्तर, माणूस लढाईत असताना त्याने आपल्याच घरच्यांच्या उखाळ्या-पाखाळ्या काढाव्यात का? हे म्हणजे वैऱ्याच्या हातात कोलीत देणं. आणि दुसरी गोष्ट. आपल्या शेजारी संजाण आहे. पारशी गलबतांतून आले, त्यांना आसरा मिळाला. आपल्या बाहरोटच्या गुहेत त्यांचा पवित्र अग्नी राहिला. ज्यूंना साऱ्या युरोपात एखादं संजाण भेटलं असतं, तर त्यांच्यावर ही पाळी आली असती का? आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने एका दिवसात बाराशे माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली, त्याचं काय?”

दुसरे मत तांडेलांच्या पुतण्याचे. तो कॉलेजात शिकतो. भ्रमणध्वनीवर त्याने गाझातली चित्रे रोज पाहिलेली. तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजदादीप्रमाणे त्या युद्धात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली, हा आकडा त्याला तोंडपाठ. त्याचा राग पुस्तकावर होता तो अगदी वेगळ्या कारणासाठी. “काका, हा सैनिक रडतो, पण करतो काय? सगळं गाव मोटारीत भरतो. नंतर पुस्तक लिहितो. म्हणजे गाव पण मिळालं आणि मन पण स्वच्छ झालं.” मुलगा नकळत एका जुन्या आक्षेपापाशी पोचला होता. ‘गोळी झाडायची आणि रडायचे’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचार इस्रायलमध्येच अशा साहित्याविषयी वापरला जातो.

गंमत अशी की, गुरुजींना वाटले लेखक अरबांच्या बाजूचा. पुतण्याला वाटले तो ज्यूंच्या बाजूचा.

तिसरे मत तांडेलांचे. ते फारसे बोलले नाहीत. हुकुमातली ‘अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत’ ही भाषा मी वाचून दाखवली तेव्हा हातातली जाळ्याची सुई थांबवून ते म्हणाले, “म्हणजे मोजणी झाली म्हणायची.” एवढेच. आमच्या गावात या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या दक्षिणेला काही मैलांवर वाढवण आहे. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. २०२३ साली संमती दिली. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींहून मोठे काम. सरकारचे म्हणणे, भराव समुद्रात पडायचा, घर कोणाचे उठायचे नाही. मच्छीमारांचे म्हणणे, आमचे शेत समुद्रातच आहे. गावात नोकरीच्या आशेने बंदर हवे म्हणणारेही आहेत. तांडेलांनी खिर्बेत खिझे ऐकले ते या कानांनी.

चौथे मत माझ्या एका सहशिक्षिकेचे. त्या तलासरीकडच्या, वारली समाजातल्या. सुट्टीच्या दिवशी काही कामाने आल्या होत्या, त्या पडवीत बसल्या. त्या दिवशी नेमका पुस्तकातला तो प्रसंग आला, ज्याच्यासाठी मी हे पुस्तक कधी विसरणार नाही. मोटारींकडे चाललेल्या गर्दीत एक बाई आपल्या सातेक वर्षांच्या मुलाचा हात धरून चालली आहे. डोळ्यांतून पाणी वाहते आहे, पण मान ताठ आहे. ती सैनिकांकडे पाहतही नाही. आणि निवेदकाच्या मनात एकाएकी लख्ख होते की, आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या ज्याच्या कथा ऐकल्या तो वनवास, ती परागंदा अवस्था, म्हणजे हेच. आणि या वेळी ती दुसऱ्यावर लादणारे आपण आहोत. मी सांगून थांबलो. बाईंनी विचारले, “तिचं नाव काय?”

मी पाने उलटून पाहिली. तिला नाव नाही.

“मग आमच्या गोदावरीबाईंचं पुस्तक बरं,” त्या म्हणाल्या. “त्यात आमच्या गावांची, माणसांची नावं तरी आहेत.”

हे पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आमच्याच डहाणू, तलासरी, उंबरगाव या टापूतल्या वारल्यांच्या लढ्याची ही कहाणी. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची वेठ. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराचे गुलाम होऊन राहण्याची लग्नगड्याची पद्धत. २३ मे १९४५ ची झरीची सभा, जिथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. १० ऑक्टोबर १९४५ चा तलवाड्याचा गोळीबार, ज्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. पॅलेस्टाईन आणि तलासरी यांत समुद्र आहे, इतिहास निराळा आहे, आणि दोन्ही एकाच तागडीत घालण्याचा हट्ट मी धरणार नाही. परंतु जमीन कोणाची, कसणाऱ्याची की कागद असणाऱ्याची, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांच्या मुळाशी आहे. आणि तो लढ्यात स्वतः उतरलेल्या माणसाने लिहिलेला आहे. आपल्या भागातले वाचकही या पुस्तकावर असेच दुभंगलेले आहेत. कोणाला ते गीतेसारखे पूज्य, कोणाला एका पक्षाचा प्रचार.

बाईंचे मत या दोहोंत बसले नाही. त्या पुढे म्हणाल्या, “पण मास्तर, माझी आजी ते ऐकताना मधेच म्हणायची, ‘असं नव्हतं, याहून जास्त होतं.’ आणि नावच बघा. माणूस जागा होतो म्हणे! आम्ही झोपलो होतो कधी? पहाटे चारला उठून वेठीला कोण जात होतं?”

पडवी हसली. पण माझ्यातला टीकाकार गप्प झाला. ग्रंथाच्या नावाविषयी इतका नेमका आक्षेप माझ्या तरी वाचनात आलेला नव्हता. गोदावरीबाईंच्या निष्ठेला आणि कष्टाला यामुळे उणेपणा येत नाही. तरीही जागे करणारा आणि जागा होणारा यांच्यात जे अंतर असते, ते उत्तम हेतूनेसुद्धा बुजत नाही, हे त्या एका प्रश्नाने दाखवून दिले. यिझहारांच्या पुस्तकातही तेच अंतर आहे. त्यांना अरब दिसतात ते बाहेरून. त्यांचे रडणे ऐकू येते, बोलणे फारसे येत नाही.

पाचवे मत, म्हटले तर मत, म्हटले तर प्रश्न, तांडेलांच्या पत्नीचा. काकी आत चुलीपाशी होत्या. सगळे आतून ऐकत होत्या. शेवटच्या दिवशी बाहेर येऊन म्हणाल्या, “त्या गावात मग पुढं राहायला कोण आलं?”

पुस्तक याचे उत्तर देत नाही. मोइशेच्या तोंडून ‘आपले निर्वासित’ एवढेच येते. पण इतिहास उत्तर देतो, आणि ते उत्तर आपल्याला वाटते तितके लांबचे नाही. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले आले. इराक, येमेन, मोरोक्को अशा देशांतून तिथले जिणे अशक्य झालेले ज्यू लाखांनी आले. आणि आपल्या कोकणातून आले ते शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवावेत, शनिवारी घाणा बंद ठेवावा, घरात मराठी बोलावे, असे ते शतकानुशतके राहिले. गुरुजी म्हणतात ते संजाण त्यांना इथेच भेटले होते. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्रायलला गेले. लोद, रामला, बीरशेबा, दिमोना अशा गावी त्यांची वस्ती झाली. प्रारंभी त्यांनाही तिथे सुख लागले नाही. त्यांच्या लग्नसंबंधांविषयी तिथल्या धर्मपीठाने शंका काढली, आंदोलन झाले, तेव्हा कुठे १९६४ साली ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे तिथल्या शासनाने जाहीर केले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी त्या देशात काढले.

आता या लोद आणि रामला गावांतून जुलै १९४८ मध्ये पन्नास हजारांहून अधिक अरबांना घालवून देण्यात आले होते. मी हे सांगितले तेव्हा काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या चुलीवर कोणीतरी आपल्यासारखी भाकरी थापली असेल.”

जी मराठी बाई तिथे गेली तिने कोणाला उठवले नव्हते. ती स्वतः पोट आणि धर्म घेऊन गेलेली. तिला जे घर मिळाले त्यात ती राहिली. तिला दोषी म्हणणे मला जमणार नाही. आणि जिची चूल होती तिला, झाले गेले विसर, असे म्हणणेही जमणार नाही. या संघर्षावरचे कोणतेही पुस्तक या दोन वाक्यांपैकी एकच बोलत असेल, तर ते कितीही जोरदार असो, अपुरे आहे, असे मला वाटते.

इथे मला माझे स्वतःचे मत सांगितले पाहिजे. टीकाकाराने इतरांची मते मांडून आपण कुंपणावर बसणे योग्य नव्हे.

गुरुजींचा आक्षेप मला मान्य नाही. यिझहारांनी वैऱ्याच्या हातात कोलीत दिले नाही; आपल्या घरात दिवा लावला. ज्या राष्ट्राचा लेखक विजयाच्या वर्षीच असे लिहू शकतो, त्या राष्ट्राविषयीचा आदर वाढायला हवा. मात्र गुरुजींनी एक उणीव बरोबर हेरली आहे. या लोकांना घराची एवढी निकड का होती, हे पुस्तकात फार थोडे येते. पुतण्याचा आक्षेप अधिक खोल आहे. निवेदक रडतो आणि हुकूम पाळतो, हे खरेच आहे. परंतु पुस्तक ते लपवीत नाही. निवेदकाने बंड केले असते तर वाचकाला सुटकेचा निःश्वास टाकता आला असता आणि पुस्तक मिटता आले असते. लेखकाने ती सवलत कोणालाच दिली नाही. निसर्गवर्णनांचे तेच. पाने-पाने शेतांची, कुंपणांची, ओल्या मातीची वर्णने येतात. प्रथम मला ती कंटाळवाणी वाटली. मग लक्षात आले की, बांध इतका नीट घातलेला, वाफा इतका निगुतीने राखलेला, म्हणजे राखणारे कोणीतरी होते. ती वर्णने हाच त्या पुस्तकातला पुरावा आहे.

राहिला बाईंचा आक्षेप. त्याला उत्तर नाही; त्याला दुसरे पुस्तकच हवे. तसे एक आहे. घसान कनफानी या पॅलेस्टिनी लेखकाची ‘हैफाला परतताना’ ही १९६९ सालची लघुकादंबरी. १९४८ च्या धावपळीत तान्हे मूल घरात राहून गेलेले एक जोडपे १९६७ नंतर आपले घर पाहायला जाते. दार उघडते ती पोलंडहून आलेली एक ज्यू बाई. तिचा बाप हिटलरच्या छावणीत मेलेला. त्या मुलाला तिनेच वाढवलेले, आणि तो आता इस्रायली सैनिकाच्या गणवेशात आहे. कनफानी लढाऊ संघटनेचे प्रवक्ते होते. १९७२ साली बैरूतमध्ये मोटारीतील स्फोटाने त्यांचा जीव घेतला गेला. अशा माणसाने त्या ज्यू बाईला नाव दिले, दुःख दिले, बोलायला तोंड दिले. यिझहार आणि कनफानी एकापाठोपाठ वाचावेत, म्हणजे एकाने मोकळी सोडलेली जागा दुसऱ्यात भरलेली दिसते. जमिनीच्या भांडणावरील पुस्तकाची माझी कसोटी आता एवढीच उरली आहे: ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या बाजूला बोचते की नाही?

आणि हीच कसोटी वाचकालाही लावली पाहिजे. आमच्या पडवीत प्रत्येकाने पुस्तकात प्रथम आपले घर शोधले. ते सापडले की तो तिथेच बसला. मीही याला अपवाद नाही. माझे आजोबा आमच्या गल्लीतले पहिले मराठी चौथी पास. मासेमारी सोडून ते रानपट्टीतल्या एका जमीनदाराकडे कारकून झाले. विशीत मी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रथम वाचले तेव्हा साऱ्या पुस्तकभर मी जमीनदाराच्या कारकुनांचा उल्लेख शोधत होतो. जिथे जिथे तो वाईट आला तिथे तिथे मी समासात पेन्सिलीने ‘अतिशयोक्ती’ असे लिहिले. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. पुढे हुकूम पाळणाऱ्या त्या सैनिकाची गोष्ट वाचताना मला आजोबाच दिसत राहिले. ते प्रेमळ होते. मला खांद्यावर घेऊन खाडीकाठी नेत. आणि त्यांनी कोणाला कधी मारले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी फक्त लिहिले.

पुस्तक संपल्यावर मी माळ्यावरून त्यांची एक जुनी वही काढली. खावटीचा हिशेब आहे. कोणी किती भात उचलले, किती परत आले, किती बाकी राहिले. सुवाच्य, वळणदार मोडीमिश्रित अक्षर. आणि प्रत्येक आकड्यापुढे नाव आहे. बापाचे नाव, पाड्याचे नाव, शेजारी अंगठा. यिझहारांच्या सैनिकाला त्या बाईचे नाव ठाऊक नव्हते. माझ्या आजोबांना सगळ्यांची नावे ठाऊक होती. नावे ठाऊक असणे म्हणजे माणूस ओळखणे, असे बाईंना वाटले होते आणि मलाही पटले होते. ते तितके सोपे नाही, हे त्या वहीने मला शिकवले.

बाईंना मी त्या वहीविषयी सांगितले. त्या म्हणाल्या, “आणा एकदा शाळेत. आमच्या पाड्याचं नाव आहे का बघू.” मी हो म्हटले. अजून नेलेली नाही. सहामाही परीक्षा होत्या, मग दिवाळीची सुट्टी लागली, अशी कारणे आहेत. पण ती खरी नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. सुट्टी संपली की न्यायची, असे मी ठरवले आहे. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कनफानी वाचायला पडवीत बसेन तेव्हा कोणीतरी मला विचारील.